जिभेचा नवस

५ जानेवारी १९७३, तिसगाव
काल मोहट्याला जाऊन आले. देवीपुढे बोलले, यांचा आवाज परत येईस्तोवर मी बोलणार नाही. सोनं नाही, नाणं नाही. गावात म्हणतात, हिच्या शिलाई मशीनची सुई मोडेल पण जीभ थांबायची नाही. तीच दिली.
बोलायचं नाही म्हणून ब्लाऊजच्या मापांच्या वहीत मागून लिहायला घेतलंय. लिहिलेलं नवसात धरतात का, ते विचारायचं राहिलं.

९ जानेवारी
यांचा घसा श्रावणापासून बसलाय. बैलबाजारातली दलाली. औंदा दुष्काळानं जो तो जनावर विकायला उभा, दिवसभर ओरडणं. सगळे म्हणाले ओरडून बसलाय. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध. विड्या कमी करा म्हटलं, त्या केल्या नाहीत. पाच महिने असेच गेले.
मी तर म्हटलं होतं, बरं झालं, आता घरात माझंच चालेल. हसत म्हटलं होतं. आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

१७ जानेवारी
घास गिळताना कानात कळ जाते. मानेला डावीकडे सुपारीएवढी गाठ. हात लावू देत नाहीत. सुमी यांच्याकडे बघत विचारते, "आई, तू दादांवर रागावली व्हय?" आठ वर्षांच्या पोरीला नवस कसा समजवायचा, तोही न बोलता.
तिच्या पाटीवर लिहून यांना दिलं, नगरला चला. चौथी शिकलेत, अक्षर जुळवत वाचतात. "हा बाजार झाल्यावर." मागचा बाजार झाल्यावरही हेच.

३० जानेवारी
नगर. धाकटे भावजी बरोबर. डॉ.नी घशात आरसा घालून बघितलं. मग हात धूत बसले. नुसते धूतच बसले. मला तिथेच कळलं.
"पुण्याला न्या. उशीर करू नका." उशीर व्हायचा तेवढा झालाय, हे कुणी बोललं नाही.

१३ फेब्रुवारी, पुणे
घशातला तुकडा काढून तपासायला पाठवला. हे वॉर्डात, मी नि भावजी धर्मशाळेत. सुमी शेजारणीकडे. यांना आता पेजच जाते. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा काल गेला, खाट लगेच भरली.

२१ फेब्रुवारी
रिपोर्ट. कॅन्सरच.
डॉक्टर एकट्या भावजींना बाजूला बोलवायला लागले तर हे उठून उभे राहिले. आवाज म्हणजे नुसती फाटकी हवा. "सायेब, मी दलाल हाय. जनावर माजं, सौदा माज्या माघारी करू नका." डॉ.नी मग यांनाच आत घेतलं. मी बाहेर बाकावर.
आले, शेजारी बसले, उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. बैलबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत, कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात. लग्नानंतर मला गमतीनं शिकवलं होतं. आज माझी चार बोटं धरली. "म्हैने. काईच न्हाई केलं तर." मग दोन. "वर्सं. ऑपरेशन केलं नि वर यंत्राचा शेक दिला तर. जादा बी निघतील, कमी बी. खातरी न्हाई म्हनले."
मी यांची पाचही बोटं धरली. मग दुसऱ्या हाताची पाच. सोडलीच नाहीत.
"गिऱ्हाईक लई चिवट हाय," म्हणाले. हसता हसता खोकला आला. उपरण्यावर रक्त.

२२ फेब्रुवारी
काल ऑपरेशन म्हणजे नुसती गाठ काढतील असं वाटलं होतं. आज भावजींनी उलगडून सांगितलं. गाठ आवाजाच्या पेटीत आहे, तिथून मानेत उतरली. अख्खी पेटीच काढायची. गळ्याला भोक राहणार, श्वास तिथूनच. खातील, हिंडतील. बोलणं मात्र, "कंदीच न्हाई, वैनी."
आणि मी काय मागितलं? आवाज. आवाज परत येईस्तोवर.
जीव मागायचं सुचलंच नाही. जिवाचं काही असेल हे कुठे ठाऊक होतं? आता हे वाचले तरी नवस फिटत नाही. मोडला आणि देवी कोपली तर ते यांच्यावरच यायचं. जन्मभर वटवट केली आणि देवीपुढे नेमकं चुकीचं बोलले. मूर्ख बाई.

२६ फेब्रुवारी
ऑपरेशनला नाही म्हणतात. "मुका दलाल बाजारात कोन उबा करील?"
ओरडावंसं वाटलं, अहो, भाव बोटांनीच करता ना! कापडाखाली तोंड कशाला लागतं? यांचा हात ओढून बोटं दाबली, एकेक, पुन्हा पुन्हा. समजले. "व्हय. पन जनावराचं कवतिक कोन करील? माजं कवतिक आयकून तर गिऱ्हाईक थांबतं."
चार महिने. सुमीची परीक्षा, मग आखाड. पुढचं मोजवत नाही.

१ मार्च
तयार झाले. पण अट घातली. "मी मुका, तू मुकी. मंग पोरीनं भिंतीशी बोलायचं का? तू बोलनार असशील तर कापून घेतो."
एका कागदावर नवसाचे शब्द होते तसे लिहून दिले. जुळवत वाचले, दोनदा. "आगं, दलालाच्या घरात बारा वर्सं काडली, आन् मागायचं काय ते कळंना व्हय तुला?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.
मी मान डोलावली. बोलेन म्हणून. मग ऑपरेशनच्या कागदावर सही केली त्यांनी. मी खोटं डोलावलं का खरं, मलाच ठाऊक नाही.

५ मार्च
भावजी मोहट्याला जाऊन पुजाऱ्याला विचारून आले. "देवी आई हाय, समजून घेईल म्हनला. पन शब्द दिलेला हाय, तवा तुमचं तुमी बगा म्हनला." म्हणजे काहीच नाही.

७ मार्च
उद्या सकाळी आठला नेणार. गळ्यावरचे केस काढून ठेवलेत. कोवळा दिसतो गळा.
चार वाजता भेटायला सोडलं. आधी सुमीचं बोलले, मग विहिरीच्या गाळाचं. मग थांबून म्हणाले, "एकडाव हाक मार. न्हेमीसारकी, चुलीपास्नं मारतीस तशी. मी ओ देतो. उद्यापास्नं ओ द्याया न्हाई जमायचं."
मी उठून बाहेर आले. वॉर्डाच्या पायरीवर बसून हे लिहितेय.
हाक मारली आणि उद्या काही झालं, तर माझ्यामुळे. नाही मारली आणि उद्या काही झालं तर... बारा वर्षांत हजारदा 'अहो' म्हटलं असेल. यांनी दर वेळी ओ दिली, मी कधी कान देऊन ऐकली नाही.
देवी, माझी जीभ घे, कायमची घे, पण आजची एक हाक सोड. तू हो म्हणाल्याचं मला कसं कळणार?
साडेपाच झाले. सहाला बायकांना बाहेर काढतात. दारातून दिसतायत, उशीला टेकून इकडेच तोंड करून बसलेत.
तोंडाला पदर लावून जरा खाकरून बघितलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आवाज आहे.