पाठ झालेला तक्ता

गोंदिया
१० फेब्रुवारी २००३

ती. अल्काताईस,
धाकट्या विवेकचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. लग्नसराईची कामं सुरू झाली आहेत. सकाळी मॉनिटरसमोर बसतो तो दिवेलागणीनंतरच उठतो. एकेका पत्रिकेवर मामा-मावश्या इतक्या की जागा पुरत नाही, आणि एखादा काका राहिलाच तर सगळं वऱ्हाड छापखान्यात भांडायला येतं. आमचे शेठ गुलाबचंदजी मागे उभे राहून जल्दी करो, जल्दी करो करत असतात. परवा त्यांनी मॉनिटरवर एक काळसर काच आणून बसवली. माणसाच्या आधी मशीनलाच चष्मा लागला म्हणालो तर हसले, पण माझ्याकडे काही पाहिलं नाही.

ताई, तुला म्हणून सांगतो. महिनाभर झाला, माझं डोकं दुखून राहिलं. दुपारनंतर पडद्यावरची अक्षरं थरथरल्यासारखी दिसतात, डोळ्यांची आग होते आणि मग डाव्या भुवईमागून कळ सुरू होते. खोलीवर आलो तरी एका जागी बसवत नाही. पडलो की उठावंसं वाटतं, उठलो की पडावंसं. हे आईला वाचून दाखवू नकोस. बाबा गेल्यापासून आपल्या घरात तिच्यासमोर डोकेदुखीचं नाव काढत नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. बाबांनाही भुवईमागेच दुखायचं ना गं? मी तेव्हा नववीत होतो. नागपूरला नेल्यावर डोक्यात गाठ निघाली, एवढंच आठवतं.

बाकी एक गंमत. इथे डोळे तपासणीचं मोफत शिबिर व्हायचं आहे. भिंतीवर लावतात तो अक्षरांचा तक्ता, वर मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी, तो मीच कंपोज केला. मापं चुकली म्हणून शिबिरवाल्यांनी इतक्यांदा परत पाठवला की आता आंघोळ करतानाही ग, ट, म, ल, र असं तोंडात येतं.

भाऊजींना जयभीम. माया आहे तशीच राहू दे, आणि आईचं सांगितलं ते विसरू नकोस.

तुझा
विवेक


चिचगड
२१ फेब्रुवारी २००३

चि. विवेक यास,
ताईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि पिठाच्या डब्यात लपवलं. आईला अक्षर ओळखता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं, म्हणून दोन दिवस तिच्याकडे पाठ करूनच भाकरी थापल्या.

तू कशाला नसत्या काळज्या ओढवून घेतोस? दिवसभर त्या काचेत डोळे घालून बसल्यावर डोकं दुखेल नाही तर काय पोट दुखेल? शाळेतही तू पाटीला नाक लावून लिहायचास. तुझ्या त्या शिबिरात जाऊन डोळे दाखव. चष्मा लागला तर लागला. दीप्तीच्या घरचे चष्म्यासाठी नाही म्हणणारे नाहीत. भाऊजी कोहमाऱ्याला गेले होते, तेव्हा तिच्या वडिलांच्या टायरच्या दुकानावर थांबले. ईश्वरदासजींनी चहा पाजला आणि नवरदेवाच्या छापखान्यातून पत्रिका कधी येते ते विचारलं. अख्ख्या गोंदियाच्या पत्रिका छापतोस, आपली तेवढी राहिली. लग्न बुद्ध पौर्णिमेला आहे, पुढच्या वर्षी नाही.

फोन करू नकोस. टिकारामच्या दुकानात फोन आला की तेल घ्यायला आलेली माणसंही थांबून ऐकतात. लिहूनच कळव, आणि लवकर.

आई बरी आहे. तुझ्या लग्नासाठी तिने आत्तापासून वड्या घालायला घेतल्या आहेत. तू मागतोस ती माया आहेच, ती लिहून मागावी लागत नाही.

तुझी
ताई


गोंदिया
१६ मार्च २००३

ती. ताईस,
सविनय जयभीम, वि. वि.

शिबिरात जाऊन आलो. रांगेत खूप वेळ गेला, पण तपासणी पटकन झाली. एका शिकाऊ मुलाने लांब खुर्चीवर बसवून तक्ता वाचायला सांगितलं. मी वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचला, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. शेवटच्या ओळीखाली आमच्या छापखान्याचं नाव आहे ना मुंगीएवढ्या अक्षरांत, ओघात तेही वाचून टाकलं. तो बघतच राहिला. भैया, आपकी नजर तो गरुड की है असं म्हणाला आणि चिठ्ठीवर डोळे उत्तम असा शेरा मारून दिला.

तेव्हापासून मला झोप नाही, ताई. डोळे उत्तम आहेत, मग डोकं का दुखतं? परवा काम करता करता उलटी झाली. बाबांनाही शेवटी उलट्या व्हायच्या, ते मला चांगलं आठवतं. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलो, आत पाऊल पडलं नाही. एकदा कळलं की कळलं, मग नाही कळलं असं करता येत नाही. छापखान्यात चार वेळा उठून बाहेर जातो, रस्त्यावर उगाच उभा राहतो आणि पुन्हा येऊन बसतो. शेठजी विचारतात, क्या हो गया तेरे को. काय सांगू त्यांना?

एक गोष्ट तुला न विचारता केली. ईश्वरदासजींना पत्र पाठवलं की माझी तब्येत ठीक राहत नाही, तुम्ही मुलीसाठी दुसरं स्थळ बघावं. आई पस्तिसाव्या वर्षी एकटी पडली. ते दीप्तीच्या वाट्याला यावं असं मला वाटत नाही. ती मला फार आवडली आहे, म्हणूनच.

आता तू रागावशील. रागाव, पण दूर लोटू नकोस.

विवेक


चिचगड
२३ मार्च २००३

विवेक,

आशीर्वाद आज देणार नव्हते. जयभीम लिहिते, कारण तो टाळता येत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्या दिवशी तशीच अंगणवाडीत गेले. मुलांना भिंतीवरची बाराखडी वाचायला लावली आणि मी खिडकीशी तुझ्या विचारात उभी राहिले. सगळी धडाधड वाचत होती. वळून पाहिलं तर निम्मी मुलं दाराकडे तोंड करून बाहेरची बकरी पाहत होती, आणि बकरी पाहता पाहता का, कि, की चाललं होतं. मी हसत सुटले आणि मग रडले. मदतनीस शकुंतलाबाईंना वाटलं, मला काही लागलंबिगलं.

अरे शहाण्या, तो तक्ता तू वाचला नाहीस. तो तुझा तूच कंपोज केलेला. ग, ट, म, ल, र तुला आंघोळीला येतं, तर खुर्चीवर का येणार नाही? आणि ते मुंगीएवढं छापखान्याचं नाव? ते गरुडालासुद्धा तिथून दिसलं नसतं. तुझे डोळे अजून कुणी तपासलेलेच नाहीत.

उद्याच्या उद्या अशा डॉक्टरकडे जा, जिथला तक्ता तुझ्या हातचा नाही. डोक्याचंही विचार. भीतीपोटी दारातून परत यायचं नाही.

आणि आईला सगळं कळलं. घरी आल्यावरही माझं रडणं थांबेना, ते ऐकून तिने पत्र हिसकावलं आणि भाऊजींकडून वाचून घेतलं. आता ती सांगून राहिली आणि मी लिहून राहिले. ती म्हणते की काऊन लपवलं मले. तुह्या बापानं बी असंच केलं. सालभर डोस्कं दुखत होतं, दुकानदाराले सांगे, सोबतच्या माणसायले सांगे, मले नाही सांगतलं, कायले तर म्हणे बाई घाबरते. मले सगळ्यायच्या मांगून समजलं. तो मेला त्याचं दुःख हायेच, पण मले सांगतलं नाही त्याचा राग अजून गेला नाही. त्या पोरीले तू तसंच करून राहिला. कागद कायले पाठवतं, पायानं जा आन तोंडानं सांग.

एवढं बोलून ती वाडीत जाऊन बसली आहे. मी तिला घरात आणायला जाते.

तुझी ताई, अजून तरी


गोंदिया
५ एप्रिल २००३

ती. ताईस व ती. आईस,
सविनय जयभीम, वि. वि.

इथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांच्या तक्त्यावर अक्षरंच नव्हती, नुसत्या फणीसारखे तीन-तीन दाते होते, तोंड कुठे वर, कुठे खाली, कुठे डावीकडे. चौथ्या ओळीपासून मला सगळेच सारखे दिसले. मग घड्याळाच्या काट्यांसारख्या गोल रेघा दाखवल्या. त्यातल्या आडव्या ठळक दिसत होत्या आणि उभ्या पुसट. बाई म्हणाल्या, बुबुळाचा गोल सारखा नाही, सिलिंडरचा नंबर आहे, तोही लहानपणापासून. वर दिवसभर स्क्रीनसमोर डोळे ताणायचे, पापणीही लवायची नाही, तर डोकं दुखणारच, आणि ते वाढलं की उलटीही होते. बाबांचं सांगितलं तेव्हा त्यांनी थेंब टाकून डोळ्याच्या पडद्यामागची नस पाहिली. डोक्यात काही वाढत असतं तर ती बहुतेक सुजलेली दिसली असती, ती साफ आहे, असं म्हणाल्या. चष्म्यानं महिनाभरात थांबलं नाही तर डोक्याचा फोटो काढू, तोवर उगाच मरू नका, हेही त्याच म्हणाल्या. मी त्यांच्यासमोरच रडलो. थेंबांमुळे डोळ्यांना पाणी येतं असं त्यांनीच म्हटलं, चांगल्या आहेत.

चष्मा मिळाला. सवयीला पंधरवडा लागेल. दर थोड्या वेळानं लांब पाहायचं आहे, म्हणून शेठजींनी कुरकुरत का होईना, मशीन खिडकीकडे वळवून दिली.

पण जिवाला चैन नाही. कोहमाऱ्याहून एक ओळ नाही. आई, तुझं ऐकलं. जयंतीच्या बॅनरची कामं आहेत. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जातो. काय बोलायचं ते रोज ठरवतो आणि रोज विसरतो.

दोघींचा हात माझ्या डोक्यावर असू द्या, दुखतं त्याच बाजूला.

विवेक


कोहमारा
१८ एप्रिल २००३

विवेकजी,
सप्रेम जयभीम.

पंधरा तारखेला तुम्ही आलात, बाबांशी दोन तास बोललात आणि तीनदा माफी मागितलीत. मी दोनदा चहा दिला. माझी माफी मागायची राहून गेली, म्हणून हे लिहिते.

बाबांना तुमचं ते पत्र आलं तेव्हा ते फार चिडले होते. देवरीचं एक स्थळ सांगून आलं, माणसं घरी येऊनही गेली. मी नाही म्हटलं. बाबांनी विचारलं, मुलगा स्वतः नको म्हणतो, तर तू कोणत्या आशेवर? मी म्हटलं, त्या पत्रात नकार कुठेच नाही, नुसती भीती आहे. महिनाभर घरात कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. तुम्हाला वाटत असेल, तुम्ही एकटेच तळमळत होता.

बाबा आता राजी आहेत. तुमचा चष्माही आईला आवडला, मास्तरासारखे दिसता म्हणते. अडून बसली आहे ती मी. मला तुमच्या आजाराचा राग आला नाही. तुम्ही मरायचं ठरवलंत, माझ्यासाठी दुसरा नवरा ठरवलात, आणि त्यात मला एका शब्दानं विचारलं नाहीत, याचा राग आहे. माझं भलं मला न विचारता करायचं नाही.

यापुढे काही दुखलं तर आधी मला सांगायचं. अल्काताईंना मान आहे, पण त्यांनाही नंतर. हे जमणार असेल तर पत्रिका छापायला घ्या. जमणार नसेल तर तुमचं ते पत्रच खरं धरू आणि मी देवरीला कळवते.

राग सरला की लोभ करीन. तोवर एवढंच.

दीप्ती ईश्वरदास


गोंदिया
२२ एप्रिल २००३

चि. सौ. कां. दीप्ती हिस,
सप्रेम जयभीम.

आज दुपारपासून डावी बाजू दुखून राहिली आहे. पहिल्यापेक्षा कमी आहे, पण आहे, आणि मला भीती वाटते. ताईला अजून कळवलेलं नाही.

तुझा
विवेक