रांजणातल्या बेडकाची ऊब

प्रिय दादा,

पत्राच्या माथ्यावर शिरसाष्टांग नमस्कार लिहायची आपली रीत. आज मी ती मोडतेय. नमस्कार नाही, काही नाही. तू जाऊन दोन वर्षं होतील आता. या दोन वर्षांत मी तुझ्यासाठी रडले, तुझ्या नावानं पान वाढलं, पण तुझ्यावर नीट रागवायचं राहूनच गेलं होतं. ते आज करतेय.

झालं असं. माझी नणंद शेवंता कुर्डुवाडीहून बाळंतपणाला माहेरी आलीय. मुलगी झाली, आज नववा दिवस. यंदा सोलापुरात थंडी लई कडक, आणि पोर अशक्त, म्हणून सासूबाईंचा जीव टांगणीला लागलेला. सकाळी मी नळावरून पाणी घेऊन आले तर त्यांनी खोलीचं दार गच्च ओढून घेतलेलं. आत बाजेखाली कोळशाची शेगडी, खिडकीच्या फटीफटीत चिंध्या, दाराखाली गोणपाट. शेगडी पहिल्या दिवसापासून होतीच, पण मी येता-जाता दार हळूच किलकिलं करून ठेवत होते. तोंडानं मात्र चकार शब्द काढला नव्हता. तुझीच बहीण ना!

शेवंता म्हणाली, डोकं ठणकतंय. दोनदा ओकली होती. पोर मान टाकून पडलेली, अंगावर पीत नव्हती. दादा, मी घागर तिथंच टाकली. शेगडी उचलली ती थेट अंगणात नेऊन उपडी केली, चिंध्या ओढून काढल्या, खिडकी सताड उघडली. उजव्या हाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं कोंबडीच्या पायाचं आलंय. वाचायचं तर वाच.

सासूबाई बोलत नाहीत. मग मी कुणाशी भांडू? तुझ्याशी. कारण हे मला ज्याच्यामुळं ठाऊक होतं तो तुझा बेडूक, आणि बेडकाहून जास्त दोष तुझा.

ते वर्ष आठवतं का तुला? मी बारा-तेरा वर्षांची असेन. पावसानं ओढ दिली होती आणि गल्लीनं धोंडी काढली होती. मुसळाला कडुलिंबाचा पाला, पाल्यात जिवंत बेडूक बांधलेला, आणि दारोदार त्याच्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. मंडळी आपल्या दारात आली. तू गिरणीतल्या बॉयलरवरून नुकताच परतला होतास, तोंड कोळशानं काळं. तू दोरा तोडलास, बेडूक ओच्यात टाकलास आणि घरात निघून गेलास. काय तो गहजब! पाऊस आणखी महिनाभर आला नाही आणि त्याचं खापर तुझ्या डोक्यावर फुटलं. पाण्याला गेले की बाया मला सुनावायच्या, तुझ्या भावानं पाऊस घरात डांबलाय. तू कुणाला भीक घातली नाहीस. एका बेडकासाठी सगळ्या गल्लीशी वैर घेतलंस.

फुटक्या रांजणाच्या बुडात ओली माती घालून तू त्याचं घर केलंस. वर झाकायला पिठाची चाळण. पोट पुढं काढून, डोळे वटारून बसायचा, म्हणून रखमावहिनीनं त्याला रावसाहेब नाव ठेवलं. तुझी बायको असून ती तुझ्यापुढं तोंड वर करून बोलायची नाही, पण रावसाहेबांपुढं तिची बडबड संपायची नाही. मी आणि ती दोघी मिळून त्याच्यासाठी झुरळं धरायचो. आई म्हणायची, सून बरी होती, या पोरानं बिघडवली.

मग थंडी पडली आणि रावसाहेब खाईना. हात लावला तर विहिरीतल्या दगडासारखा गार. तुला वाटलं, ऊब द्यावी. आणि काय केलंस, सांगू? सगळं गाव करतं तेच. त्याला एका लाकडी खोक्यात ठेवलंस, शेजारी निखाऱ्याचं घमेलं, आणि वारं लागू नये म्हणून वर झाकण. माझ्या चार भाकरी थापून होईतो बेडूक आडवा! अंग कुठं भाजलेलं नाही, कातडी सुकलेली नाही, पण हातपाय सैल पडलेले. तू त्याला उचलून अंगणात ओल्या मातीवर ठेवलंस आणि उकिडवा बसून राहिलास. बऱ्याच वेळानं त्याचा गळा हलला. तू कपाळावर हात मारून घेतलास. म्हणालास, बॉयलरखाली कोंडलेल्या जागी कोळशाच्या वाफेनं गडी भोवळ येऊन पडतात, हे रोज डोळ्यांनी बघतो, आणि घरी येऊन मी हेच केलं.

त्यानंतर तू जे बसवलंस ते मला आजही पाठ आहे. निखारा घरात नाहीच. चुलीच्या कडेला वीट तापवायची, गोणपाटात गुंडाळायची आणि रांजणाच्या बाहेरून, एकाच अंगाला टेकवून ठेवायची. दुसरं अंग गारच ठेवायचं, म्हणजे त्याला नको झालं तर तो आपला आपण सरकतो. वीट बुडाखाली ठेवायची नाही. का? तर बेडकाला उकडलं की तो मातीत खाली जातो, आणि खालूनच आच आली तर जाईल कुठं? माती सुकू द्यायची नाही. वर चाळणच, झाकण कधी नाही. आणि वीट ठेवायच्या आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची. चटका बसला तर ती आच, बरं वाटलं तर ती ऊब. हे तू मला आणि वहिनीला शाळामास्तरासारखं घोकायला लावलंस. चार दिवसांत रावसाहेब गांडूळ खायला लागले.

एवढं सगळं कळत होतं ना तुला? मग?

त्याच पौषात वहिनी बाळंत झाली. तिला माहेर नव्हतं, म्हणून आपल्याकडंच. मुलगा झाला. आईनं जिवापाड केलं तिचं, डिंक, आळीव, ओव्याची धुरी. आणि कोपऱ्यातल्या खोलीत बाजेखाली शेगडी, दारखिडक्या बंद. तिसऱ्या दिवशी तू उंबऱ्याशी येऊन म्हणालास, आई, खिडकी थोडी उघडी ठेव, शेगडी बाहेर घे, मी विटा तापवून देतो. आईनं काय उत्तर दिलं ते माझ्या कानात अजून आहे.

"बेडकाचा न्याय बाईला लावतोस व्हय रं? आमी काय पोरं काढली न्हाईत?"

सगळ्या बाया हसल्या. सुईणसुद्धा हसली. आणि तू? तू मान खाली घातलीस आणि गिरणीत निघून गेलास. एवढंच! गल्लीभर वैर घेणारा माझा भाऊ चार बाया हसल्या म्हणून शेपूट घालून गेला. मुसळाला बांधलेल्या जिवासाठी तुझ्या अंगात वाघ संचारला होता, आणि बाजेवरच्या बाईसाठी काय झालं होतं तुला? बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं बोलायचं नसतं म्हणून? मग नसतं तर नसतं, मोडायची होतीस रीत!

पाचव्या दिवशी दुपारी वहिनी गेली. पोर तिच्या आधी थोडं. सगळे म्हणाले दृष्ट लागली. कुणी म्हणालं, पावसाचा बेडूक कोंडला त्याचा शाप. आणि तू काय केलंस? रावसाहेबांना ओच्यात घेतलंस आणि तळ्यात सोडून आलास. दादा, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या मुक्या जिवाच्या माथी तू दोष मारू दिलास. त्याला न्यायला उठलास म्हणजे तूच कबूल केलंस की लोक म्हणतात ते खरं. घरात ज्या एका प्राण्यानं खरं काय ते आधीच दाखवलं होतं, त्यालाच तू बाहेर काढलंस.

पुढं जन्मभर तू गप्प. दुसरं लग्न केलं नाहीस. आईनं किती विचारलं, नुसती मान हलवायचास. शेवटच्या दुखण्यात मी तुझ्या उशाशी सात दिवस बसले होते, तेव्हा तरी बोलायचंस! मी वाट बघत होते. तू पाणी मागितलंस, माझ्या पोरांची नावं घेतलीस, हे नाही बोललास.

आणि आता माझं ऐक. वहिनीच्या खिडकीत चिंध्या कोंबल्या त्या मी. आईनं सांगितलं, अनशे, ती फट बुजव, आणि मी बुजवली. तू घोकून घेतलेलं सगळं पाठ असताना बुजवली. आत वहिनी पडल्या पडल्या माझ्याकडं बघून हसली होती. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. म्हणजे घरात दोघांना ठाऊक होतं आणि दोघं तोंडात मूग धरून बसलो. तुझ्यावर ओरडतेय खरी, पण हा राग अर्धा माझ्याच वाटणीचा आहे.

म्हणून आज सासूबाई जेव्हा अंगणात माझ्या अंगावर आल्या, वारं लागून पोरगी गेली तर तुझ्या उरावर बसंल म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझी वहिनी दिष्टीनं न्हाय मेली. कोळशानं मेली. आमाला ठावं हुतं."

त्या एकदम थांबल्या. आत जाऊन चुलीपुढं बसल्या. मला वाटलं, रागानं.

मी मग विटा तापवल्या. गोणपाटात गुंडाळल्या, मनगटाला लावून बघितल्या. बाजेखाली एकही नाही. पोरीच्या एका अंगाला, कापसाच्या दुलईबाहेरून, हातभर लांब. शेवंताच्या पायाशी एक. दुसऱ्या अंगाला मोकळं, खिडकी उघडी, तिच्यावर नुसतं पातळ लुगडं टांगलेलं. शेवंता आधी कुरकुरली, मग पाणी प्याली, मग म्हणाली डोकं उतरतंय वहिनी. मला वहिनीच म्हणते ती. पोर मात्र बराच वेळ तशीच. मी तिच्या तळपायाला बोट लावून बसले होते. काय काय बोलले असेन देवाला! आणि तुलाही, ते सगळं कागदावर लिहिण्यासारखं नाही. दुपार कलल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. आता पितेय.

मग हे पत्र लिहायला बसले. अर्धं लिहून झालं होतं तेवढ्यात सासूबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले. मी कागद बाजूला केला. त्या पदराचं टोक पिळत होत्या. मग म्हणाल्या,

"शेवंताच्या आदी माजी दोन गेली. दोनीबी थंडीतच. तवाबी शेगडी हुती. तसंच आसंल का गं?"

दादा, तेव्हा मला कळलं तू का बोलला नाहीस. आईनंही एक दिवस तुला असंच विचारलं असेल का? किंवा विचारील, आणि तिच्याच शेगडीनं दोघं गेली हे सांगावं लागेल, म्हणून तू घाबरलास का? माझ्या जिभेवर "न्हाय" आलं होतं. न्हाय, तसं काही नसेल, देवाची मर्जी. किती सोपं होतं! म्हातारी सुखानं झोपली असती. आणि पुढच्या थंडीत दुसऱ्या कुणाच्या बाजेखाली शेगडी ठेवून आली असती.

मी म्हणाले, "आसंल."

त्या खाली बसल्या. मी त्यांना धरलं. त्या रडल्या, मीही रडले, शेवंता आतून विचारत राहिली काय झालं. मग त्या उठल्या, पोरीला मांडीवर घेतलं आणि उघड्या खिडकीकडं पाठ करून बसल्या. अजून बसल्यात.

तुझं कारण कळलं. तरी तुला माफ केलं असं समजू नकोस. कळणं वेगळं, माफी वेगळी.

आता वचन देते ते ऐक. या गल्लीत जिथं बाळंतीण असेल तिथं मी जाईन. हाकललं तरी जाईन, हसल्या तरी जाईन. खिडकी उघडीन, शेगडी बाहेर काढीन, विटा कशा लावायच्या ते दाखवीन. आणि कुणी विचारलं की तुला हे कसं ठाऊक, तर रखमावहिनीचं नाव घेऊन सांगीन, ती कशी मेली ते. फट कुणी बुजवली तेही सांगीन. आणि माझ्या दादाला सगळं ठाऊक असून तो बोलला नाही, हेही सांगीन.

तुझी,
अनशी