मस्कतचं स्थळ

दिल्ली,
३ डिसेंबर २०२४

ती. आबा यांस दिपमालाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि लगेच फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले. आईला बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा हे तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल.

इथे थंडी चांगलीच पडलीय. मेसची भाजी पाणचट, आणि आईने दिलेला ठेचा केव्हाच संपला. रावेरलाही पारा उतरलाय असं वाचलं. केळीच्या बागेवर करपा तर नाही ना पडला?

गेल्या आठवड्यात आमच्या अरब देशांच्या अभ्यासक्रमात आखाती देशांतले दवाखाने शिकवले. कुठे तपासणी फुकट, कुठे विमा लागतो, आणि पोटासाठी बाहेरून आलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं, असं सगळं. आपले कौतिकनाना म्हणतात, अरबांचे दवाखाने शिकून काय करणार, आपल्या गावच्या दवाखान्यात डॉक्टर नाही ते बघ. नानांना सांगा, मला दोन्ही बघायचंय. शिवाय तिकडे समुद्रात बोटी अडकल्या म्हणत व्यापारी केळीचा भाव पाडतो, तेव्हा तो खरं बोलतोय की थापा मारतोय हे कळणारं घरात कोणीतरी हवं की नको?

पॅकिंगच्या शेडमधल्या खोक्यांवरची अरबी अक्षरं लहानपणी मी तुम्हाला वाचायला सांगायची. तुम्ही म्हणायचात, शीक आणि तूच सांग. शिकले. 'थंड जागी ठेवा' एवढंच लिहिलेलं असतं.

आता किती वेळ इकडचं तिकडचं लिहू? मुद्द्यावर येते.

माझी सुपारी फुटल्याचं मला आईकडून कळलं, तेही पेढे कोणत्या दुकानातून आणले हे सांगता सांगता. कौतिकनानांनी स्थळ आणलं, दोन्हीकडची मोठी माणसं आपल्या ओसरीवर बसली, सुपारी फोडली, लग्न पक्कं. पोरीला एकदा विचारायचं का, असं आईने दबकत म्हटलं, तर नाना म्हणाले, "तिले काय इचारायचं? तिच्याच अभ्यासाच्या देशातला पोरगा पाह्यला." मुलगा मस्कतला नोकरीला आहे ना! सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणे. आबा, उद्या कोणाची पोरगी गुरांची डॉक्टर झाली तर तिला गोठ्यात बांधाल का?

आधी मला हसू आलं. मग राग आला, तो अजून गेलेला नाही. नानांचं मला काही वाटलं नाही, ते भावकीतल्या प्रत्येकाच्या सुपारीला बसतात. पण तुम्ही बसलात. मला इथे सोडायला तुम्ही स्वतः आला होतात. हॉस्टेलच्या फाटकापाशी म्हणालात, "आता मांगं पाहू नको." मी नाही पाहिलं. आणि तेवढ्यात तुम्ही सुपारी फोडून मोकळे झालात. हे मला फार लागलं, आबा.

ज्या देशात मला पाठवायचं ठरवलंत, तिथलं मी काय शिकले तेही ऐका. नवऱ्याबरोबर गेलेल्या बाईचा तिथे राहायचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली की हिनेही बोचकं उचलायचं. आजारी पडली तर बहुतेक वेळा त्याच्या कंपनीचा विमा, तो नसला तर खिशात हात. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि नेमकं मलाच कोणी विचारलं नाही.

मी त्या मुलाशी, चंदनशी, फोनवर बोलले. मुलगा सरळ आहे, उगाच वाईट बोलणार नाही. मी शिक्षण सोडून संसार करायला तयार आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं. खरं कळल्यावर तो म्हणाला, तुझं बरोबर आहे, पण घरी सांगायची माझ्यात हिंमत नाही. म्हणून मग मीच त्याच्या वडिलांना फोन लावला. हे लग्न मी करणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. हो, मीच.

ते म्हणाले, "तुझ्या आबांना विचारलं का?"

मी म्हणाले, "नाही. त्यांनीही मला विचारलं नव्हतं."

मग "ठेवतो" म्हणाले. आतापर्यंत तुम्हाला त्यांचा फोन आलाही असेल. त्यांनी सांगितलं ते खरं आहे.

आणखी एक. मार्चमध्ये मी मस्कतला जाणार आहे. तिथल्या आपल्याकडच्या मजुरांना आजारपणात काय सोसावं लागतं, यावर मला काम करायचंय. आमच्या बाईंनी माझं नाव पुढे केलं आणि विद्यापीठाने मंजूर केलं. व्हिसा माझ्या स्वतःच्या नावाचा. नानांना सांगा, देश तुम्ही चांगलाच निवडला होता.

भावकी बोलेल. पोरीला दिल्लीला पाठवलं, आता भोगा म्हणेल. त्यांना एवढंच सांगा, माझ्या पोरीने नाही म्हटलं. छोटं वाक्य आहे, तुम्हाला जमेल.

जाण्याआधी, संक्रांतीला मी घरी येणार आहे. स्टेशनवर घ्यायला आलात तर बरं वाटेल. नाही आलात तर रिक्षा करीन. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसेन, पण परत फिरणार नाही. वाटेल तेवढं रागवा, मान खाली घालून ऐकेन. फक्त मान खाली घातली म्हणजे हो म्हटलं, असं समजू नका.

तुमचीच,
आणि अजून कोणालाही न दिलेली,
दिपमाला