माळावरची तीस घरं

आकुर्डी, १२ मार्च १९८१

ती. लक्ष्मणमामांस,
शालनचा नमस्कार.

सात वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात जलद रेल्वेचा मार्ग आखत होते. मी नकाशे उतरवायचे. अशा गाडीला वळणं चालत नाहीत, त्यामुळे महाळुंग्यापाशी दोनच वाटा उरल्या. एक तुमच्या मळ्यातल्या विहिरीवरून, दुसरी माळावरून.

साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही तिकडच्याच ना? माळावर काही आहे?"

नकाशा जुना होता. तुमच्या मळ्यात खुरपायला येणाऱ्या भीमाबाईंची बौद्धवस्ती त्यात नव्हतीच. मी गप्प राहिले असते तरी भागलं असतं. मी म्हटलं, "तीस घरं आहेत."

मग मोजणीच्या खुंट्या तुमच्या मळ्यात ठोकल्या गेल्या. सरकार जमीन घेणारच, या धास्तीनं तुम्ही ती एका कारखान्याला विकून टाकलीत. त्यांनी विहीर बुजवली. पुढं रेल्वेचा बेतच बारगळला.

काल मामी आली होती. म्हणाली, "हे अजून म्हणत्यात, शालनच्या हातात असतं तर तिनं इहीर वाचवली असती."

मामा, माझ्या हातात होतं. आज विचारलं तरी मी तेच सांगेन. पण काल मामीसमोर मी नुसती होकारार्थी मान हलवली, आणि हे पत्रही टपालपेटीत टाकणार नाही.

तुमच्या मळ्यात वाढलेली,
शालन