सात दिवसांची नोटीस

१ डिसेंबर, सोमवार
वाचनालयाच्या कमिटीची मीटिंग चोरून झाली! कुठं, तर अध्यक्ष हिरालालच्या ओसरीत, पोहे खात. अन् ठरवलं काय, तर दुपारी दोन ते चारचा बायकांचा वेळ बंद. त्या वेळात परीक्षावाली पोरं बसतील. कारण लिहिलं, बायका वाचत नाहीत, बोलतात. मी रोज पेपर वाचते. एका पानाले चार दिवस लागतात, तो पेपरचा दोष.
बरं, वही, रामराम. रागात राहून गेलं.

२ डिसेंबर
नात दिव्यानं वाचनालयाची नियमावली वाचून दाखवली. मीटिंग वाचनालयातच घ्यावी, कोणीही येऊन बसावं. नोटीस सात दिवस बोर्डावर राहावी, मधात निघाली तर मीटिंग रद्द. मी म्हटलं, बस, गेला हिरालाल कामातून. दिव्या म्हणते, आजी, नियम सगळ्याइले सारखा असते. मंग! मी दुसरं काय सांगून राहिली?

३ डिसेंबर
ग्रंथपाल ईश्वरदासले धरलं. काऊन रे, ओसरी कायले? वाचनालय काय बुडालं होतं? तो म्हणे, काकी, हळू बोला. मी हळूच बोलत होती. पानठेल्यावरची माणसं आली ती आपल्या मनानं. गर्दी पाहून हिरालालही आला अन् शेवटी कबूल झाला. चौदा तारखेले, दुपारी दोन वाजता, खुल्या मीटिंगमध्ये बायकांच्या वेळेचा फैसला.
संकल्प: मीटिंगमध्ये दोनच वाक्यं बोलायची.

७ डिसेंबर, रविवार
नोटीस लागली. चार पिना. मी अर्धा तास समोर उभी राहून वाचली. दुसरं कोणी फिरकलं नाही. बायका खळ्यावर, धानाच्या चुरण्यात, मळणीत. मीटिंग खुली ठेवली, पण आत कोण, मी एकटी?

८ डिसेंबर
भिंतीवरच्या कागदानं आपल्याकडे कधी कोणी आलं का? लग्नाचंसुद्धा दारी जाऊन आवतन द्यावं लागते. ईश्वरदास जेवायले गेला तेव्हा नोटीस काढली, कोपऱ्याले हळद लावली अन् मी घरोघरी निघाली. चंद्रकांता शेजारीण विचारते, काकी, हा बोर्डावरचाच कागद का वो? मी म्हटलं, असली आहे, झेरॉक्स नाही.

११ डिसेंबर
तीन दिवसांत चाळीस घरं. दोनच वाक्यं बोलायचा सराव प्रत्येक घरी केला, म्हणून उशीर. नोटीस नेऊन परत लावली. पिना तीनच भेटल्या. हळदीनं पहिल्यापेक्षा शोभून राहिली.

१४ डिसेंबर, दुपारी दोन
खुर्च्या पुरल्या नाहीत! बायका दारापर्यंत. हिरालालचं तोंड पाहण्यासारखं. आता उठते.

१४ डिसेंबर, तीन
मीटिंग रद्द. हिरालालनं माझाच नियम मले वाचून दाखवला. तो विचारते, काकी, नोटीस तीन दिवस कुठं होती? मी म्हटलं, गावात होती, तुझ्या ओसरीत तर नव्हती! सगळ्या हसल्या. माझ्याच बाजूनं हसल्या. मंग चंद्रकांता उठली. म्हणते, काकी, तुमी कागदाले हात लावला नसता तर आज आपला वेळ परत भेटला असता. माणसाचं नाव झालं की जळणारे निघतातच.
पुढची मीटिंग अठ्ठावीसले. तोवर दुपारी पोरंच बसतील. चंद्रकांता म्हणे, बोर्डाले काच लावा, वरून कुलूप लावा. सगळ्या बायकांनी हात वर केले. मीही केला. किल्ली कोणाच्या हाती लागू द्यायची नाही, ते मागून समजलं. माझ्या. पण रद्द झालेल्या मीटिंगमध्ये ठराव होते कसा?
अन् चाळीस घरांच्या गावात नोटीस एकच काऊन काढली? चूक इथं आहे. याचं उत्तर ईश्वरदासनंच द्यावं, लेखी द्यावं. हिरालालनं मधात बोलू नये.