खालच्या खोलीच्या विटा

१२ जानेवारी

झालं! मजुरीचं अंदाजपत्रक पूर्ण झालं, आणि मी एकटीने केलं. पाया, भिंती, स्लॅब, प्लास्टर, फरशी, रंग — कुठल्या कामाला किती मिस्त्री, किती बिगारी, किती दिवस, सगळं मांडलंय. ठेकेदाराचा आकडा ऐकून ह्यांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, सामान आपलं, माणसं रोजावर, देखरेख माझी. डेपोत सव्वाशे ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावते मी! आजारी, रजेवाले, रुसलेले — सगळ्यांना सांभाळून पहाटेची पहिली बस वेळेवर सोडते. मला चार मिस्त्री जड जाणार?

"मानलं बुवा तुला," हे म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना अर्धा तास लागला, पण बोलले!

वर दोन खोल्या. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि मागे अंगणात उघडणारी एक खोली. ती माझ्या आईची.

"आईंना विचारलंस?" ह्यांनी विचारलंच.

विचारीन की. नाही कशाला म्हणेल?

१४ जानेवारी

नाही म्हणाली.

सरळ तोंडावर! "माझी भाड्याची खोली आहे, ती बरी आहे. भाडं भरते, कुणाचं ऐकून घेत नाही." मी म्हटलं, अगं, जिना चढताना तुला दोनदा थांबावं लागतं. तर म्हणे, "थांबते. जिना कुठे पळून जातोय?"

मग जरा नरमली. चहा पुढे केला आणि म्हणाली, "पोरी, जन्मभर लोकांच्या घरच्या विटा डोक्यावरून वाहिल्या. घर उभं राहीपर्यंत आपण आत, दारं बसली की आपण बाहेर. आता तुझ्या घरात कोपरा अडवून बसू? येईन, जेवीन, संध्याकाळी परत जाईन."

येताना बसमध्ये रडू आलं. रागाने आलं. मी खोली बांधणारच आहे. अंदाजपत्रकात मजुरी धरलीय तिची.

५ फेब्रुवारी

पाया भरून झाला. मजुरी अंदाजाच्या आतच! मिस्त्री म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या धंद्यात यायला हवं होतं." मी हसून सोडून दिलं, पण दिवसभर जमिनीवर पाय नव्हते.

१९ फेब्रुवारी

कपाळावर हात मारून घ्यावा असा दिवस.

विटांचा पहिला ट्रक आला आणि थेट गल्लीच्या तोंडाशी रिकामा झाला. पायाच्या वेळी मागच्या मोकळ्या प्लॉटमधून गाडी जोत्यापर्यंत यायची. त्या मालकाने परवा तारेचं कुंपण घातलं. त्याची जागा आहे, त्याला काय बोलणार? आणि पुढून गल्ली ही अशी, मध्येच पायऱ्या. ट्रक सोडा, हातगाडीसुद्धा चढत नाही. म्हणजे सगळ्या घराच्या विटा आता डोक्यावरून आत आणायच्या.

मिस्त्री हळूच म्हणाला, "ताई, विटा वाहायची मजुरी धरली नव्हती?"

नव्हती. सगळं धरलं होतं — स्लॅबच्या दिवशीची जादा माणसं, भिंतींना पाणी मारणारा, सगळं! ही एवढीच ओळ नव्हती. मिस्त्रीच्या ओळखीची टोळी आहे. त्यांचा हजार विटांमागचा भाव लिहून घेतला. घरी येऊन बेरीज केली. खालच्या खोलीची अख्खी मजुरी त्यात जाते.

२० फेब्रुवारी

हे म्हणाले, "खालच्या खोलीचं जोतं तेवढं राहू दे. भिंती पुढे कधीतरी बघू." मी वहीत डोकं घालून बसले तर पुढे म्हणाले, "आई येणार नाही म्हणतातच ना."

मग मात्र मी बोलले! भरपूर बोलले. हे बिचारे ऐकून घेत होते, आणि चूक त्यांची नव्हतीच. ती माझी होती. भांडून झाल्यावर दोघांनी मिळून परत बेरीज केली. आकडा तोच आला.

खोली गेली तर आईला आणायचं कारणच गेलं. मग ती तिकडे तिच्या जिन्यावर थांबत थांबत चढत राहणार. मला नाही चालणार ते.

२१ फेब्रुवारी

हे गप्प बसणाऱ्यातले, पण आईला फोन करतात! सकाळी डेपोला जाता जाता बांधकामावर डोकावले तर गल्लीच्या तोंडाशी आई उभी. कमरेला पदर खोचलेला. दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर वाजवून बघत होती.

"विटा चांगल्या आहेत," म्हणाली. मग माझ्याकडे बघून खो-खो हसायला लागली. "एवढ्या बसगाड्या हाकतेस, आणि ट्रक दारापर्यंत येतो का ते बघितलं नाहीस?"

मीही हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"मी घेते अंगावर," ती म्हणाली. "आमच्या तिघी आहेत अजून. चौघी साखळी धरू. पायऱ्यांवर एकीने चढायचं नाही, हातोहात द्यायचं. भाव बोल."

माझ्या पोटच्या — चुकलं, मी तिच्या पोटची! तिने माझ्याशी असा भाव केला की टोळीवाला परवडला असता. मी म्हटलं, आई, घरचंच काम आहे, थोडं कमी कर. तर पटकन म्हणाली, "घर तुझं. माझं असतं तर फुकट वाहिल्या असत्या. दुसऱ्याच्या घरची मजुरी मी सोडत नाही. त्याच्यावरच वाढलीस तू."

शेवटी टोळीच्या निम्म्याहून थोडं वर ठरलं. मध्ये दलाली खाणारा कुणी नाही ना. उरलेली तूट ह्यांनी भरून काढली. म्हणाले, "रंग आपण दोघं देऊ. रंगाऱ्याची मजुरी काढून टाक." ह्यांनी आजवर कपाटसुद्धा रंगवलेलं नाही! पण म्हणाले तर खरं.

खालची खोली वाचली. आई जाताना जोत्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही कशाला बांधतेस?"

"सामान ठेवायला," मी म्हटलं.

"बरं," म्हणाली.

२४ फेब्रुवारी

आज मुद्दाम अर्धी रजा टाकली. बघायचंच होतं.

चौघी उभ्या — ढिगाशी उंच मावशी, पायऱ्यांवर बडबडी, वर एक जी सकाळपासून एक शब्द बोलली नाही, आणि शेवटी आई. विटा नुसत्या धावत होत्या! बडबडीचं तोंड चालूच, हात त्याहून जोरात. मिस्त्रीची माणसं काम सोडून बघत राहिली. दुपारी वाट मोकळी झाली तेव्हा आईने चुंबळ डोक्यावर ठेवली, विटा रचल्या आणि सरळ मानेने चालत गेली. वय काय, चाल काय! मी लहानपणी तिच्यामागून अशीच बघत चालायचे. तेव्हाही मला वाटायचं की अशी दुसऱ्या कुणाची आई नाही.

समोरच्या बंगल्यातल्या बाई विचारत होत्या, "ह्या बायका कुठून मिळाल्या हो? फारच छान काम करतात."

"ती डोक्यावर विटा घेतलेली माझी आई," मी म्हटलं. मोठ्याने. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

१ मार्च, शनिवार

पगार वाटला. आई रांगेत उभी! मी म्हटलं, तू कशाला उभी राहतेस, घरी देईन की. "सगळ्यांचं होतं तसंच माझं," म्हणाली. पैसे मोजले, पुन्हा मोजले, तिघींचे वाटे केले, आपला कमरेला लावला. जाता जाता मला दटावलं, "मिस्त्रीला ताटकळत ठेवू नकोस. काम झालं की पैसा हातात." सगळ्यांसमोर!

९ मार्च

खालच्या खोलीच्या भिंती चढायला लागल्या. मिस्त्री कुरकुरतोय — "ताई, आजींना सांगा. ह्या खोलीला विटा निवडून देतात. कोपरा उडालेली एक दिली तर परत पाठवतात."

आईला विचारलं. म्हणे, "सामानाला थंडी वाजू नये."

खिडकीवरूनही वाद घातला तिने. "एवढी वर कशाला? पडल्या पडल्या बाहेर दिसायला नको?"

"सामानाला?" मिस्त्रीने विचारलं. बडबडीने तोंडाला पदर लावला. मी तिथून निघूनच गेले. हसू यायला लागलं, आणि धीर होईना काही विचारायचा. विचारलं आणि पुन्हा नाही म्हणाली तर?

खिडकी खाली घेतली. मिस्त्रीचा अर्धा दिवस वाढला. वाढू दे!

१६ मार्च

खालच्या भिंती पूर्ण. इथपर्यंतची मजुरी जुळली. चुकीसकट जुळली! ह्यांनी आज रंगाचे ब्रश आणून ठेवलेत. अजून प्लास्टरचा पत्ता नाही.

२२ मार्च, शनिवार

विटांचा शेवटचा हिशोब. आई रांगेत उभी राहिली, पैसे घेतले, मोजले. तिघींना त्यांचे वाटे दिले. मग आपल्या वाट्यातून थोडे वेगळे काढले आणि माझ्या हातावर ठेवले.

"हे कसले?"

"खालच्या खोलीच्या विटांचे. त्या माझ्या घरच्या होत्या."