कुरडयांवरची हिरवी भुकटी

मेहकर, गुरुवार संध्याकाळ

खिडकीचा जुना हिरवा रंग आज घासून काढला. कोरडाच. रंगाच्या दुकानदारानं बजावलं होतं, "जुन्या रंगात शिसं असते भाऊ, विषच. पाणी मारून घासजा, खाली प्लास्टिक टाकजा." पण ओलं लाकूड वाळायला वेळ लागतो आणि रविवारी धाकटीला पाहायला पाहुणे येणार. म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारला. स्वतःच्या तोंडाला मात्र रुमाल बांधला.

खिडकीखाली शेजारच्या कमलवहिनींची बाज होती. बाजेवर कुरडया वाळत आल्या होत्या. त्यांच्यावर हिरवी भुकटी बसलेली मी पाहिली. फुंकर मारली, झटकलं. तेवढ्यात वहिनी आल्या.

"भाऊ, माह्या कुरडयाईवर काही पडलं तं नाही?"

"नाही वहिनी."

काऊन म्हणालो असं? तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून केलेल्या. फेकून द्या म्हणायला जीभ रेटली नाही, एवढंच. की लाज वाटली?

आता त्यांनी पहिला घाणा तळून ताटली धाडली. नव्या कुरडया आधी शेजाऱ्याला, ही त्यांची रीत. नात तोंडात घालणार, तोच मी तिच्या हातातून हिसकावली.

बायको म्हणाली, "काऊन हो? खाऊ द्या ना लेकराले."

"खोकला होईल," म्हणालो. पुन्हा खोटं.

आपल्या नातीच्या हातातली हिसकावता आली. वहिनींच्या नातवाच्या हातातली?

भिंतीपलीकडून कुरुमकुरुम ऐकू येतंय. आणि मी इथं लिहीत बसलोय.